दशावताराच्या उजेडात फोकस: लेन्स दुरुस्तीच्या नोंदी

२८ सप्टेंबर, परुळे

यंदाच्या जत्रांमध्ये दशावतारी कलावंतांचे चेहरे टिपायचे आणि प्रत्येकाला त्याच्या भूमिकेतला एक मोठा छापील फोटो द्यायचा, एवढंच काम. रात्रभर राजा होऊन बाकड्यावर बसणाऱ्या माणसाच्या घरात त्या रूपातला एकही धड फोटो नसावा, हे मला पटत नाही. मोबाइलवर व्हिडिओ ढीगभर आहेत, भिंतीवर लावावा असा फोटो मात्र नाही.

गेल्या हंगामातले फोटो आज संगणकावर मोठे करून पाहिले. बहुतेकांना एकच शेरा मारता येईल, ‘आउट’ आलाय. पण जवळून पाहिल्यावर हा शेरा पुरत नाही. काही फोटोंत डोळे मऊ आहेत आणि मुकुटाची मागची कड, कानातली कुंडलं लख्ख आहेत, म्हणजे फोकस चेहऱ्याच्या मागे बसलाय. काहींत कुठेच काही लख्ख नाही आणि तलवारीची, बोटांची रेघ एकाच दिशेला ओढली गेलीय. तो फोकसचा दोष नव्हे, हालचालीचा. जुन्या लेन्सने काढलेल्यांवर सगळीकडे दुधी पडदा आहे. आणि झूम लेन्सच्या फोटोंत डावीकडचा पखवाजवाला स्पष्ट, उजवीकडचा झांजवाला विरघळलेला.

कारणं वेगळी, तेव्हा उपायही वेगळे. कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन एखादा आकडा फिरवला की सगळं सुधारेल, असं होणार नाही. जत्रा त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास सुरू होतील, तोवर एकेक कारण वेगळं काढायचं. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

सामान: क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फिल्मच्या चौकटीहून लहान सेन्सरचा डीएसएलआर, ५० मिमी एफ १.८ ही ऑटोफोकस लेन्स (एफचा आकडा लहान, तेवढं प्रकाश येणारं छिद्र, म्हणजे अॅपर्चर, मोठं), कॅमेऱ्यासोबत आलेली झूम, आणि कुडाळच्या स्टुडिओवाल्या काकांनी दिलेली ५५ मिमी एफ १.८, जुनी, एम४२ म्हणजे आट्याच्या माउंटची (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते ती जागा).

१ ऑक्टोबर

चाचणीआधी तत्त्व लिहून ठेवते, म्हणजे पुढे आकड्यांचा अर्थ लागेल.

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर पडतो. बराचसा वर व्ह्यूफाइंडरकडे जातो. थोडा आरशातून आरपार जाऊन मागच्या छोट्या आरशावर आपटतो आणि खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकस सेन्सरवर उतरतो. फोकस ठरतो तिथे, फोटो उमटतो मात्र मागच्या मुख्य सेन्सरवर. हे दोन रस्ते अगदी सारख्या लांबीचे हवेत. एफ १.८ ला, ०.०२ मिमीचा धूसर ठिपका चालवून घेतला, तर मुख्य सेन्सरपाशी पुढेमागे चालणारी चूक जेमतेम ०.०३६ मिमी असते. केसाच्या जाडीहूनही कमी. कॅमेरा आणि लेन्स, दोन्ही आपापल्या मर्यादेत बरोबर असले तरी दोघांच्या किंचित चुका एकाच दिशेला पडल्या की फोकस सरकतो. म्हणून तीच लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर चोख निघू शकते.

लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून फोटो काढताना, आरसा वर असतो आणि माझा कॅमेरा तेव्हा मुख्य सेन्सरवरच कॉन्ट्रास्ट बघून फोकस करतो. तिथे दुसरा रस्ताच नाही. त्यामुळे कसोटी सोपी आहे: एकच दृश्य, एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमधून. दुसरा लख्ख आणि पहिला मऊ आला तर दोष जुळणीचा. दोन्ही मऊ आले तर लेन्सची काच, ट्रायपॉड, हवा यांच्याकडे बघायचं.

मिररलेस कॅमेऱ्यांत फोकसचे बिंदू मुख्य सेन्सरवरच असतात, म्हणून हा जुळणीचा प्रश्न तिथे जवळजवळ उरत नाही. डीएसएलआरवाल्यांना ही दुरुस्ती स्वतःच्या हातात मिळाली ती २००७ मध्ये, कॅननच्या वन-डी मार्क थ्रीवर आणि निकॉनच्या डी३, डी३०० वर. एक म्हणतो मायक्रोअॅडजस्टमेंट, दुसरा फाइन ट्यून. दोन्हींची पट्टी उणे २० ते अधिक २०. अधिक केलं की फोकस कॅमेऱ्यापासून दूर सरकतो, उणे केलं की जवळ येतो. स्वस्त मॉडेलांत ही सोय बहुधा देत नाहीत. माझ्याकडे आहे.

४ ऑक्टोबर

पडवीत सकाळच्या उजेडात ५० मिमीची चाचणी.

लोक तिरकी फूटपट्टी ठेवून फोकस करतात, मला ती पद्धत पटत नाही. व्ह्यूफाइंडरमधला चौकोन दिसतो लहान, पण फोकस सेन्सर त्याच्या बाहेरचंही बघतो. तिरक्या पट्टीवर तो नेमका कुठला आकडा धरतो ते कळत नाही. म्हणून कोकमाच्या आगळाच्या रिकाम्या बाटल्या घेतल्या, प्रत्येकीवर वर्तमानपत्राचा कागद सपाट चिकटवला आणि त्या कर्णरेषेत मांडल्या, प्रत्येक बाटली आधीच्या बाटलीपेक्षा ३ सेंमी मागे. नेम मधल्या बाटलीवर. कॅमेरा ट्रायपॉडवर, बाटलीच्या मधोमध उंचीवर, कागदाला समांतर. अॅपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ १००, फोकसचा मधला एकच बिंदू, दोन सेकंदांचा टायमर.

अंतर २ मीटर ठेवलं. चाचणीसाठी साधारणपणे फोकल लांबीच्या २५ ते ५० पट अंतर सांगतात, ५० मिमीला ते सव्वा ते अडीच मीटर होतं. २ मीटरवर एफ १.८ ला स्पष्टतेची एकूण खोली सुमारे साडेअकरा सेंमी निघते, निम्मी पुढे आणि निम्मी मागे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर जवळपास तेवढंच, म्हणून डोळा सुटला की लगेच कळतं.

प्रत्येक फोटोआधी फोकस हाताने आलटून पालटून अगदी जवळ आणि अगदी दूर नेला. नाहीतर लेन्स आधीच्याच जागी बसून राहते आणि आपल्याला वाटतं, काय अचूक आहे! ऑटोफोकस दर वेळी थोडा वेगळा थांबतो, म्हणून एका फोटोवरून निर्णय घ्यायचा नाही. सगळे शेजारी शेजारी लावून मधला कल बघायचा.

लाइव्ह व्ह्यूमध्ये मधल्या बाटलीवरची अक्षरं काळीभोर, कडा स्वच्छ. व्ह्यूफाइंडरमधून मात्र सर्वांत स्पष्ट येते तिच्या मागची बाटली. लेन्सची काच ठीक आहे, जुळणी मागे आहे. उणे बाजूला सरकवत गेले. उणे ७ ला दोन्ही फोटो सारखे आले, उणे १० ला पुढची बाटली स्पष्ट व्हायला लागली. उणे ७ नोंदवलं.

५ ऑक्टोबर, रात्र

कालचा आकडा दिवसाच्या उजेडातला, नाटक मात्र रात्री. फोकस सेन्सर लाल आणि त्यापलीकडच्या प्रकाशालाही संवेदनशील असतो, आणि लेन्स सगळे रंग तंतोतंत एका पातळीवर आणत नाही. म्हणून दिव्याचा प्रकार बदलला की फोकस थोडा सरकू शकतो. काही कॅमेरे हे ओळखून स्वतःच भरपाई करतात, पण विश्वास टाकण्याआधी बघायला हवं.

मंडपवाल्याकडून जत्रेत लावतो तोच एलईडी फ्लड आणि एक जुना पिवळा हॅलोजन आणला. पखवाज वाजवणाऱ्या मामांना पडवीतल्या बाकड्यावर बसवलं.

“ह्या उजेडात तुका काय दिसतला गो?”

“माका नाय मामा, कॅमेऱ्याक दिसाक व्हया.”

एलईडीखाली उणे ७ ठीकच आहे. हॅलोजनखाली मात्र उणे ३ च्या आसपास बरं येतं. आता बहुतेक रंगमंचांवर एलईडी आलेत, तेव्हा उणे ७ कायम. जिथे पिवळे दिवे असतील तिथे आधी एक फोटो काढून बघायचा.

मामा बसलेच होते, तर आणखी एक गोष्ट तपासून घेतली. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस धरायचा आणि मग कॅमेरा कलवून चौकट जुळवायची, ही सवय जवळपास सगळ्यांना असते. २ मीटरवरून कॅमेरा १५ अंश वळवला की फोकसची पातळी सुमारे ७ सेंमी मागे जाते. हिशोब साधा आहे: अंतर गुणिले एक वजा कोज्या. आपल्याला मागे चालते साडेपाच-सहा सेंमी. म्हणजे जुळणी अगदी चोख असली तरी एवढ्यानेच डोळा सुटतो. वरचा बिंदू निवडून, कॅमेरा न कलवता काढलेला मामांचा फोटो पापणीच्या केसापर्यंत स्पष्ट आहे. मधल्या बिंदूची भुरळ सोडायची.

१२ ऑक्टोबर

काकांची जुनी लेन्स. विजेरी मागून धरून बघितली. पुढच्या काचगटाच्या आतल्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे, आणि सगळीकडे पातळ धुरकट थर.

किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात हे व्हायचंच. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर सलग राहिली की बुरशी धरते, आणि इथे जून ते सप्टेंबर ती त्याच्या बरीच वर असते. धुरकट थर वेगळा. आतल्या आट्यांना लावलेलं ग्रीस वर्षानुवर्षांच्या उष्म्याने पातळ होतं, त्याची वाफ काचेवर बसते.

काकांनी स्वतः उघडून दाखवली. नावाची रिंग रबरी बुचाने फिरवून काढली, आतली कडी दोन टोकांच्या स्पॅनरने. प्रत्येक काच काढताना तिची पुढची बाजू पेन्सिलीने कडेला खुणावली, कारण उलटी बसवलेली काच लेन्सभर फोकस बिघडवते. जपानी लेन्सच्या स्क्रूंना जेआयएस टोकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. साध्या फिलिप्सने त्यांची डोकी झिजतात, मग लेन्स उघडतच नाही.

धुरकट थर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने लगेच निघाला. बुरशीला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाचं मिश्रण, खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून. हे मिश्रण बंद बाटलीत साठवायचं नाही. एका ठिकाणी धाग्याची खूण राहिली, तिथे बुरशीच्या आम्लाने काचेवरचा लेपच खाल्लाय. त्याने फोकस बिघडत नाही, दिवा समोर आला की थोडी चकाकी वाढेल इतकंच.

फोकसची रिंग जड झाली होती, म्हणून हेलिकॉइड, म्हणजे फोकससाठी काचा पुढेमागे नेणारा आटा, तोही सोडवला. हा आटा अनेक सुरुवातींचा असतो. चुकीच्या सुरुवातीला बसला तरी फिरतो, पण अनंताची, म्हणजे अगदी दूरच्या फोकसची खूण भलतीकडे जाते. ज्या जागी तो सुटतो तिथे दोन्ही नळ्यांवर सुईने रेघ मारायचीच. ग्रीस अगदी थोडं, जास्त झालं तर अॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं.

१८ ऑक्टोबर, निवतीचा किल्ला

पहाटे. दुपारी जाऊन उपयोग नसतो. वाळू तापली की तिच्यावरची हवा हलते आणि लांबच्या होड्या कुठल्याही लेन्समधून थरथरतात, मग दोष काचेचा की हवेचा ते सांगता येत नाही.

अनंत तपासायला इथून समुद्रातल्या खडकावरचं दीपगृह उत्तम. ५५ मिमीला एक किलोमीटरपलीकडचं काहीही अनंतच, फरक सेन्सरपाशी ०.००३ मिमीचा.

जुनी लेन्स अनंताच्या खुणेला टेकली तरी लाइव्ह व्ह्यूमध्ये दहा पट मोठं केल्यावर दीपगृह मऊच. जवळचे माड स्पष्ट. हेलिकॉइड चुकीचा बसला असेल का, हा संशय आलाच. पण काका आपला एम४२ चा फिल्म कॅमेरा घेऊन आले होते. त्याचं मागचं झाकण उघडलं, फिल्मच्या आतल्या रुळांवर बटर पेपर ताणून चिकटवला, शटर बीवर, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत, उघडं ठेवलं आणि भिंगातून पाहिलं. दीपगृह उलटं, पण सुरेख स्पष्ट, तेही नेमकं अनंताच्या खुणेवर.

लेन्स निर्दोष. राहिला अॅडॅप्टर, ही लेन्स माझ्या कॅमेऱ्याला जोडणारी मधली कडी.

एम४२ ला माउंटपासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिमी लागतात, माझ्या कॅमेऱ्याचं तेच अंतर ४४ मिमी. मधली १.४६ मिमी अॅडॅप्टरने भरायची. निकॉनच्या एफ माउंटला ४६.५ मिमी लागतात, म्हणून तिथे मध्ये काच न घालता अशी लेन्स अनंतावर जातच नाही.

परतताना झूम लेन्सही तपासली. समुद्राचं क्षितिज आधी चौकटीच्या डाव्या काठाजवळ, मग उजव्या काठाजवळ, कॅमेरा उभा धरून. सगळं क्षितिज अनंतावरच, त्यामुळे दोन्ही काठ सारखे यायला हवेत. उजवा काठ एफ ८ लाही मऊ. आतला एखादा काचगट मध्यापासून सरकलाय. मेनूतला कुठलाही आकडा हे सुधारत नाही आणि जुळवायला यंत्र लागतं. झूम या कामातून बाद.

२० ऑक्टोबर, कुडाळ

एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे मायक्रोमीटरने अॅडॅप्टर चार ठिकाणी मोजला. सगळीकडे १.५६. दशांश मिलिमीटर जास्त! ५५ चा वर्ग भागिले ०.१ म्हणजे सुमारे ३० मीटर. त्यापलीकडे लेन्स पोचणारच नव्हती. निवतीला जवळचे माड स्पष्ट आणि दीपगृह मऊ का, ते इथे जुळलं.

लेन्सचा अनंताचा थांबा सरकवूनही हे साधलं असतं. पण निर्दोष लेन्स बिघडवून वाईट अॅडॅप्टरशी जुळवणं मला मान्य नाही. जाड काचेवर हजार नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून अॅडॅप्टर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा घासला, मधूनमधून चारही ठिकाणी मोजत. एका बाजूला जास्त घासला गेला तर लेन्स तिरकी बसते आणि झूमसारखीच एक कड मऊ येते. १.४५ वर थांबले. किंचित कमी असलेलं चालतं, रिंग अनंताच्या थोडी पुढे जाते, बस. चूर्ण धुऊन, वाळवून मगच कॅमेऱ्याला लावला.

९ नोव्हेंबर

साठवणीची व्यवस्था. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. त्याहून फार कोरडंही नको, ग्रीस सुकतं. काका कपाटात १५ वॅटचा बल्ब लावून ठेवायचे, तोही खरा उपाय: हवा किंचित तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते.

२४ नोव्हेंबर, जत्रेची रात्र

दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, आणि संवाद कलावंत तिथल्या तिथे रचतात. त्यामुळे कोण कधी कुठे वळेल हे फोटो काढणाऱ्याला आधी कळत नाही. पण एक जागा पक्की असते, बाकडं. राजा तिथे बसणारच. म्हणून जुन्या लेन्सचा फोकस सुरू होण्याआधीच बाकड्याच्या पुढच्या कडेवर, लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून बांधून ठेवला. व्ह्यूफाइंडरवर हाताने फोकस भरवशाचा नाही, कारण आजच्या डीएसएलआरचा पडदा एफ २.८ पेक्षा उथळ खोली दाखवतच नाही. अॅपर्चर एफ २.८, ३ मीटरवर सुमारे ३३ सेंमी खोली. राजा रागाने पुढे झुकला तरी सुटला नाही.

५० मिमी हातात, उणे ७ सह. शटर १/१००, कारण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर साधे एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि त्याहून जलद शटरला फोटोत पट्टे येतात. त्या वेगाला लढाई टिपता येत नाही. म्हणून संवादाच्या शेवटी, पखवाजाची थाप पडून कलावंत क्षणभर थांबतो तिथेच शटर दाबायचं. मामांची थाप मला आता आधीच ऐकू येते!

संकासुराने, काळ्या वेशातल्या राक्षसाने, ऑटोफोकसला दमवलं. व्ह्यूफाइंडरमधून चालणाऱ्या ऑटोफोकसला (फेज डिटेक्शन) कड लागते, उजेड आणि काळोख यांची सीमा. नुसत्या काळ्या कपड्यावर लेन्स पुढेमागे धावत राहते. बिंदू लाल जिभेच्या आणि काळ्या कपड्याच्या सीमेवर ठेवला की लगेच धरते. फोकसचा मदतदिवा बंदच होता. कलावंताच्या डोळ्यांत लाल झोत मारणं बरं नव्हे.

मध्यरात्रीनंतरचे काही फोटो हळूहळू मऊ होत गेलेले दिसले. जुळणी तीच, दिवे तेच. पुढच्या काचेवर बोट न लावता विजेरी टाकली: दव. देवळाच्या उघड्या आवारात काच आकाशाखाली थंड होते आणि त्यावर दव धरतं. पुसून काढलं, लेन्सच्या तोंडाशी हूड (आडोशाची नळी) लावलं आणि मधल्या वेळात कॅमेरा शालीत गुंडाळून ठेवला. पुन्हा तसं झालं नाही.

२६ नोव्हेंबर

निवड झाली. डोळ्यांवर बसलेला फोकस आता अपवाद राहिलेला नाही. जे फोटो वाया गेले ते बहुतेक हालचालीने. तेवढं या दिव्यांत मी मान्य करते. सफेद्यावरच्या काजळाची रेघ, कपाळावरचा घाम, मुकुटाच्या मण्यांतला दिवा, सगळं कागदावर उतरतं. संकासुराचं काम करणाऱ्यांना पहिला फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, “जीभ बरी इली.”

१५ डिसेंबर

पहिले छापील फोटो घरोघर पोचवले. पुढच्या जत्रेसाठी ८५ मिमी लेन्स मित्राकडून मिळतेय. तिचा आकडा वेगळा काढावा लागेल, कॅमेरा प्रत्येक लेन्सची दुरुस्ती स्वतंत्र लक्षात ठेवतो. अंतर साडेतीन मीटर, दिवा एलईडी, बाटल्या त्याच. पिवळे हॅलोजन अजून वापरणाऱ्या देवळाची जत्रा जानेवारीत आहे, तिथे ५० मिमीला उणे ३ पासून सुरुवात.